राखणीला कोण?

"कोंबड्या सगळा मका खाऊन टाकतील," सुहासिनीबाई चित्राकडे बोट दाखवून मोठ्यांदा म्हणाल्या. "एवढं वाळवण घातलंय आणि राखणीला कुणीच नाही. चित्र चुकलंय हे."

अदितीने डोळेच मिटले. झालं, संपलं सगळं. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या कम्युनिटी सेंटरमधल्या या एका चित्रासाठी ती सलग तिसऱ्या शनिवारी ड्राइव्ह करून आली होती. बोलिव्हियातलं अंगण. कुणी बटाटे सोलतंय, कुणी वेणी घालून घेतंय, दोघी कशावरून तरी खिदळतायत, पोरं मातीत लोळतायत. आपल्या टाउनहाउसच्या पांढऱ्याफटक भिंतीवर एवढी माणसं राहायला आली तर किती बरं वाटेल, असं तिला सारखं वाटायचं. पण चित्राखाली 'नॉट फॉर सेल'ची चिठ्ठी. चित्रकार रोसारिओ दोनदा गोड हसून नाही म्हणाली होती. आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस, आणि आजच नेमक्या नागपूरहून आलेल्या सासूबाई सोबत.

"आई, हळू बोला ना. ज्यांनी काढलंय त्या मागेच उभ्या आहेत."

"मग सांग की त्यांना. वाळवण घातलं की काठी घेऊन एका पोरीला बसवावंच लागतं. आमच्याकडे दर उन्हाळ्यात मीच. बाकीच्या पापड लाटत गप्पा मारायच्या, आणि मी आपली एकटी कावळे हाकलत बसायची."

रोसारिओ जवळ आली. "काय म्हणतायत त्या?" तिने इंग्रजीत विचारलं.

"सुंदर आहे म्हणतायत," अदितीने ठोकून दिलं.

"मग कोंबड्यांकडे बोट का दाखवतायत?"

आता आली का पंचाईत. अदितीने मान खाली घातली आणि काठीसकट, कावळ्यांसकट सगळं सांगून टाकलं.

रोसारिओ हसली नाही. तिने ती चिठ्ठी काढून मुठीत चुरगाळली. मग चित्र भिंतीवरून उतरवलं आणि सुहासिनीबाईंच्या हातात देत काहीतरी म्हणाली.

सुहासिनीबाई गांगरल्या. "अगं, रागावली का ती? काय म्हणाली?"

अदितीने मराठीत सांगितलं. "त्या म्हणतायत, 'काठी घेऊन मीच बसायचे. तिथूनच बघून काढलंय, म्हणून मी यात दिसत नाही. आजवर सगळे म्हणाले, किती माणसं आहेत. मी कुठे आहे, हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.'"