आचके देणारे इंजिन

इंजिन बिघडायला तयार नव्हते. मुलुंडच्या त्या बैठ्या बंगलीच्या अंगणात श्यामकांतची युद्धापूर्वीची मोटार उभी होती, आणि बॉनेट वर करून मधुकर तिच्या आवाजाकडे कान लावून वाकला होता. एखादे यंत्र सुरळीत चालते आहे याचे दुःख त्याला जन्मात प्रथमच होत होते.

"काही सापडलं का, भावोजी?" पायरीवरून कुंदावहिनींनी विचारले.

"प्लग स्वच्छ, कार्बुरेटर स्वच्छ. कुठून जादा हवा खेचते म्हणावं, तर जोडही घट्ट आहेत." त्याने फडक्याला हात पुसले. "गाडी उभी असली की इंजिन आचके देतं, असं श्यामदादा महिनाभर सांगत होता ना?"

"जेवतानासुद्धा तेच पुराण. शेवटी मी म्हटलं, आता ताट त्या गाडीपुढेच वाढते."

श्यामकांत हा मधुकरचा थोरला चुलतभाऊ. गेल्या पौषात, मोटार ठेवण्याच्या खोलीत, चालत्या इंजिनाच्या धुराने गुदमरून तो गेला. पोलिसांनी प्रकरण मिटवले. लोकांची तोंडे मिटली नाहीत. त्याची लेक क्षमा हिने परजातीतला मुलगा पसंत केला होता आणि 'मी असेपर्यंत हे होणे नाही' असे श्यामकांतने चारचौघांत बजावले होते. साहजिकच, लेकीपायी बापाने जीव दिला, ही वार्ता घाटकोपरला मुलाच्या घरापर्यंत पोहोचली. मुलाच्या आईने निरोप धाडला की, आत्महत्येवर उभे राहिलेले लग्न आम्हांला नको. मधुकर इंजिनांच्या कारखान्यात फोरमन होता. गाडीत दोष खरोखरच होता आणि श्यामकांत तो शोधत बसला होता, एवढे त्याने छातीठोकपणे सांगितले असते, तर क्षमाचे लग्न उभे राहणार होते. पण दोष सापडत नव्हता, आणि खोटे बोलणे मधुकरला जमण्यासारखे नव्हते.

"अंगणात ती नाहीच बिघडायची," वहिनी म्हणाल्या. "आत दारं लावून बसले, की मग व्हायचं."

"दारं कशाला लावायची?"

"शेजारचे अण्णा. त्यांच्या वामकुक्षीत पान हललेलं खपत नाही. इंजिनाचा आवाज आला, की काठी घेऊन कुंपणाशी हजर. ह्यांनी आठवडाभर वाद घातला आणि मग दारं लावायला लागले."

"श्यामदादा वादात हरला?"

"वादात कुठले हरतात? काठीपुढे हरले."

दोघेही हसले. पौषानंतर वहिनींना हसताना मधुकरने प्रथमच पाहिले.

त्याने मोटार आत घेतली. ती खोली म्हणजे पूर्वीचा गोठा; भिंतीत गव्हाणीची खूण अजून शिल्लक होती.

"दारं ओढून घ्या, वहिनी. दोष ज्या परिस्थितीत उपजला, त्याच परिस्थितीत तपासला पाहिजे."

"नको हो, भावोजी. एकदा झालं तेवढं पुरे."

"तो दुपारभर बसला होता. मी थोडाच वेळ बसणार. हाक मारली की उघडा."

दारे मिटली. उजेड फळ्यांच्या फटींपुरता उरला. काही वेळ इंजिन संथ चालले, आणि मग त्याने पहिला आचका दिला. आवाज चढला, खचला, पुन्हा चढला. एखाद्या आजाऱ्याचा श्वास चालावा तसा. मधुकरने एका स्क्रूलाही हात लावला नव्हता. जणू गाडीला कोणी आतून धरून हलवत होते.

आणि मग त्याला उमगले. इंजिनात दोष नव्हताच. बंद खोलीत ते आपलाच धूर पुन्हा पुन्हा आत ओढत होते. हवा न मिळून ते गुदमरत होते. ज्या बिघाडाने श्यामकांत हैराण झाला, तो दारे लावल्यानेच होत होता, आणि बिचारा दारे लावूनच तो शोधत होता. म्हणजे अपघात. निखळ अपघात.

"सापडलं, वहिनी," त्याने हाक दिली. "क्षमाचं लग्न होणार."

इंजिन एकदा थरथरले आणि आपोआप बंद पडले.

तो उतरला. कानशिले ठणकत होती. चाचपडत तो दाराशी गेला आणि ते ढकलले. दार हलले नाही. त्याने आतली कडी शोधली. आतून कडी नव्हतीच. गुरांच्या खोलीला ती असण्याचे कारणही नव्हते. फळीवर तळवा टेकून तो उभा राहिला. एक विचार अगदी सावकाश त्याच्यापर्यंत येत होता.

"वहिनी, त्या दिवशी बाहेरून कडी कोणी घातली होती?"

"मीच. रोज मीच घालायची. नाहीतर वाऱ्याने उघडतात ना दारं." आवाज फळीच्या अगदी पलीकडून येत होता, शांत आणि मऊ. "ह्यांचं काम आटोपलं, की हे ठोठावायचे."

मधुकरने मूठ वळली आणि दार ठोठावले. पुन्हा ठोठावले.

"त्या दिवशी तर हे बराच वेळ ठोठावत होते, भावोजी."