दिव्याची दोरी

दुपारपासून कचेरीतल्या छताच्या दिव्याची लोंबती दोरी हलत होती. भूकंपाच्या हादऱ्याची शंका आली की जपानात सगळे आधी अशा दोरीकडेच बघतात; पण भूकंपयंत्रावरची रेघ सरळ होती.

"कुराता-सान, एसी बंद केलात ना?" मिनेगिशीने विचारलं.

"कधीच केला! तू नकाशा संपव बाई. गावाखालची ती भेग मेलेली आहे, पुसून टाक. शाळेचं बांधकाम अडलंय तिच्यापायी."

तिने भूकंपाच्या धोक्याच्या नव्या नकाशातून भेग पुसली. दोरी जोरात झुलली. भेग परत आणली, तशी मंदावली.

"पोरखेळ पुरे!" कुराता खेकसले. त्यांनी स्वतःच भेग पुसून नकाशा पाठवून दिला.

दोरी पुन्हा जोरात झुलू लागली. मिनेगिशीला बघवेना. तिने दोरी मुठीत गच्च धरली. दोरी थांबली. यंत्रावरची रेघ सरळच होती.

आणि तिच्या मुठीभोवती अख्खी खोली संथपणे झोके घेऊ लागली.