बुधवारचं पोर

दक्षाच्या पोराचा जन्म मोबाईलवर बुधवारचा दिसत होता. तो चुकून दिसतो आहे, हे सायवनच्या त्या पाड्यावर एकट्या मुकेशला ठाऊक होतं. असणारच. डहाणूच्या ज्या दवाखान्यात बहीण बाळंत झाली, तिथली जन्मनोंदीची वेबसाईट त्यानेच केली होती.

दुपार पेंगुळली होती. अंगणात मोहाची फुलं वाळत पडली होती आणि त्या गोड वासाने जागेपणीही डोळे मिटत होते. मुकेश लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसला होता. आत दक्षा निजली होती. रखमी, दोघांची आई, नातवाच्या झोळीला झोका देता देता पुटपुटत होती, "बुध्या रं, माझ्या बुध्या."

बुध्या म्हणजे मुकेशचा बाप. गेल्या साली तो गेला. त्यांच्या घरात पोराचं नाव जन्मवारावरून ठेवत, आणि आता बुधवारी पोर झालं म्हणजे बुध्याच माघारी आला, असं रखमीने ठरवून टाकलं होतं. उद्या पाचवी. उद्या नाव.

पण पोर झालं रात्री दोनला. कॅलेंडरवर गुरुवार लागून गेला होता. नर्सने तारीख-वेळ बरोबरच भरली. ती इथल्या ब्राउझरमधून निघून दूरच्या सर्व्हरवर पोहोचली, आणि तिथलं घड्याळ पडलं विलायतेचं, आपल्याहून साडेपाच तास मागे. तिथे अजून बुधवारच होता. वेळ गाळून नुसती तारीख ठेवायची, असं मुकेशनेच सर्व्हरला सांगितलेलं. झालं! रात्रीची सगळी पोरं आदल्या दिवसात जाऊन पडली.

एक ओळ बदलायची होती. ती बदलली की बाप पुन्हा जाणार. नाही बदलली, तर लोकांची पोरं जन्मभर चुकीची तारीख घेऊन फिरणार. स्वतःच्याच चुकीवर जीव जडावा याची मुकेशला लाज वाटत होती, पण जडला होता खरा. मध्येच डोळा लागला तेव्हा त्याला बाप दिसला. समुद्रापलीकडच्या त्या लांबलेल्या बुधवारात तो निवांत विडी ओढत बसला होता.

मुकेशने ओळ बदलली. पान पुन्हा उघडलं तर गुरुवार. त्याला रडू आलं. तोंड धुऊन तो आत गेला.

"आये, पोर बुधवारचं नाय. माझी चूक होती. आता गुरुवार दाखवतं."

"कोन दाखवतं?"

"मोबाईल. पोर दोनला झालं ना? बाराला वार बदलतो."

"बाराला?" रखमीला हसूच आलं. "आंधारात कधी वार बदलतो का रं? उजाडलं म्हंजे बदलतो. पोर झालं तवा कोंबडा तरी आरवला व्हता का?"

"पण मोबाईलवर..."

"दादा," दक्षा डोळे न उघडता म्हणाली, "तिनं मोबाईल बघितलाच नाय. दवाखान्यातच बुध्या म्हणून हाक मारली."

सर्व्हरचा वारसुद्धा आपल्याकडे पहाटे साडेपाचला, कोंबडा आरवायच्या वेळीच बदलतो, हे मुकेशच्या आत्ता ध्यानात आलं. पण ते सांगायची आता कुणाला गरज नव्हती.

रखमीने झोळीतून पोर उचललं आणि त्याच्या हातांवर ठेवलं.

"मानेखाली हात घाल नीट," ती म्हणाली. "तुझा बा अजून मान धरत नाय."