तिसऱ्या खांबाजवळ

सोनेरी फावडं जमिनीवर आपटलं आणि खणकन परत आलं. ब्रेडनने पुन्हा जोर लावला. मातीचा टवकासुद्धा निघाला नाही.

"खाली दगड आहे की काय?"

"दगड कुठला? चिकणमाती आहे," क्लॅरी म्हणाला. "तीन आठवडे पाणी नाही तिला. तुम्हीच बंद करायला लावलंत."

जुन्या मातीच्या ट्रॅकच्या जागी मोटार-रेसचं नवं सर्किट बांधणाऱ्या कंपनीचा ब्रेडन हा माणूस. मेलबर्नहून आलेला, पायातले बूट अजून कोरे. अर्ध्या तासात पाहुणे जमणार होते, आणि पहिलं फावडं मारायला मंत्र्यांचा प्रतिनिधी येणार होता. त्याने कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या टँकरकडे पाहिलं.

"त्यात पाणी आहे ना? जरा मारा की इथे, काका. फोटोपुरतं."

"ते पाणी ट्रॅकचं आहे. फोटोचं नाही."

तंबूत केक मांडत असलेल्या डल्सीने मान वर केली. "क्लॅरी, टँकर भरून आणलास तू? आज रेस कुठे आहे?"

"शनिवार आहे," तो म्हणाला, आणि मग स्वतःच ओशाळला.

एकतीस वर्षं दर शनिवारी पहाटे तो टँकर भरत आला होता. ट्रॅकवर गोल गोल फिरत पाणी मारायचं, माती दाबून बसवायची. संध्याकाळी बुलारा गावातली माणसं परसात ठोकून ठोकून उभ्या केलेल्या गाड्या तिच्यावर पळवायची. एक उन्हाळा पाणी चुकलं की या मातीचा भुगा होतो, मग ती पुन्हा धरत नाही. रेस क्लबच्या बैठकीत त्याने हे दोनदा सांगितलं. नवं सर्किट खरंच उभं राहील तेव्हा ट्रॅकची किल्ली देऊ, आधी नको, असंही म्हणाला. मतं पडली एकोणीस विरुद्ध चौदा; क्लॅरी हरला. जागा आधी मोकळी करून हवी, असं कंपनीचं म्हणणं होतं.

नगराध्यक्ष रोंडा पॅस्को लगबगीने आली. "काय झालं? टीव्हीवाले पोचतायत."

"फावडं जात नाही," ब्रेडन म्हणाला.

"मग दुसरीकडे मार."

"कुंपणाच्या त्या तिसऱ्या खांबाजवळ मारा," क्लॅरीने हात केला. "तिथे मऊ आहे."

ब्रेडनने जाऊन फावडं टेकवलं. पातं दांड्यापर्यंत आत गेलं. "अरे वा! तुम्हाला कसं माहीत?"

"अकरा वर्षांपूर्वी तिथेच मारलं होतं. तेव्हाही सर्किटच होतं. पंधरा हजार खुर्च्या, हॉटेल, परदेशी गाड्या. खणलेली माती त्यांनी काचेच्या पेटीत घालून नेली, आठवण म्हणून. खड्ड्यात मी वाळू भरली." तो रोंडाकडे वळला. "तूच होतीस ना गं पेटी धरायला?"

"क्लॅरी, ती कंपनी वेगळी होती," रोंडा हलक्या आवाजात म्हणाली. "प्रत्येक वेळी असं कुजकं बोलून कसं चालेल? या गावात तरणी पोरं राहिलीयत किती?"

"आहेत तेवढी शनिवारी इथे असायची. पहिली रेस तू इथेच जिंकलीस. बारा वर्षांची होतीस. आख्खं तोंड चिखलाने माखलेलं."

रोंडाने गळ्यातली नगराध्यक्षपदाची साखळी सारखी केली. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग सर्किट उभं राहील."

"हो. मागेही दोनच होती."

पाहुणे आले. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. क्लॅरीने टोपी काढली आणि सगळ्यांबरोबर आमेनही म्हटलं. प्रतिनिधीने तिसऱ्या खांबाजवळ फावडं मारलं. पांढरी वाळू वर आली. टाळ्या पडल्या. मग क्लॅरीचं नाव पुकारलं. त्याने फाटकाची किल्ली ब्रेडनच्या हातावर ठेवली, तेव्हाही टाळ्या पडल्या. किल्लीला जुन्या स्पार्क प्लगचं लोढणं होतं. ते कुणी काढलं नव्हतं.

"कामाला सुरुवात कधी?" मागून डल्सीने विचारलं.

"निधी मंजूर झाला की लगेच," ब्रेडन म्हणाला.

"म्हणजे झालेला नाही?"

"काकू, केक मात्र फक्कड झालाय तुमचा."

तासाभरात तंबू उतरला. गाड्या निघाल्या. वारा सुटला आणि ट्रॅकच्या वळणावरून लालसर धूळ उठली. ती कधी उठत नसे. डल्सीने डोळ्यांवर हात धरला. क्लॅरीने तिकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

तो तिसऱ्या खांबाजवळ गेला. उकरलेली वाळू पायाने खड्ड्यात लोटू लागला. वाकून हाताने कडा भरल्या, वरून अलगद सारखं केलं. दाबलं मात्र नाही.

फाटकाशी ब्रेडन कुलूप हातात घेऊन उभा होता. "काका, चला ना! राहू द्या तो खड्डा. आता इथे कोण येणार आहे?"

क्लॅरीने हात झटकले.

"पुढचा येईल ना," तो म्हणाला. "त्याला खणायला सोपं जाईल."