भुयारी वाट

बहरीनच्या हूरा भागातल्या टेलिफोन बूथमधून रावजीने कोकणात घरी फोन लावला. त्याची बायको शेवंती गावची सरपंच. रेल्वेच्या नव्या भरावाने शाळेची वाट तुटली, म्हणून ग्रामपंचायतीने रेल्वेला कोर्टात खेचलं होतं. “काल ठेकेदार आलेला,” ती म्हणाली. “‘केस मागे घ्या, नवऱ्याला इथेच रेल्वेत चिकटवतो,’ म्हणाला.” रावजीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. लेक रांगत होती तेव्हापासून तो बहरीनमध्ये राबत होता. “मग?” “नको म्हटलं. पोरांनी रुळांवरून शाळेत जायचं आणि मी तुम्हाला घेऊन घरात बसायचं?” मग तिने हळूच विचारलं, “रागावलात?” रावजीने डोळे पुसले. “नाही, सरपंचबाई. केस सोडू नका.” वर्षभराने कोर्टाने रेल्वेला भुयारी वाट बांधायला लावली. तिकडे बहरीनमध्ये, सलमाबादच्या आपल्या वर्कशॉपमध्ये रावजीने पेढे वाटले. “घर जा रहे हो क्या?” फोरमनने विचारलं. “नहीं साब, बच्चे स्कूल जा रहे हैं.”