अमोसची चार वर्षे

माझे सासरे एझेकिएल, माझे यजमान रूफस, माझा मुलगा क्लेटन. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या आमच्या काळ्या घराने तीन पिढ्या सैन्याला दिल्या. सैनिकाच्या हक्काचे, सरकारी खर्चाचे शिक्षण मागायला सासरे गणवेशात कॉलेजच्या पायऱ्या चढले, तेव्हा गोऱ्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यांनी त्यांचे दोन्ही गुडघे फोडले होते.

तो हक्क लेकीच्या नावे करायचा, तर आणखी चार वर्षे सैन्यात राहावे लागते. माझा नातू अमोस याने आपल्या चिमुकल्या लेकीसाठी, टेसासाठी सही केली. तिसऱ्याच महिन्यात कंदाहारजवळ सुरुंगाने त्याचे दोन्ही पाय मांडीपासून उडवले.

मायदेशी लष्करी इस्पितळात शुद्धीवर येताच तो मला म्हणाला, "आजी, चार वर्षं राहिली गं. टेसाचं कॉलेज बुडालं का?"

उशाशी उभा असलेला अधिकारी म्हणाला, "नाही, सार्जंट. लढाईत अपंग झालेल्याची मुदत पुरी झाली असंच धरतात."

अमोस हसला. "म्हणजे एका पायाला दोन वर्षं! भाव बरा मिळाला, आजी."

यंदा टेसा त्याच कॉलेजच्या त्याच पायऱ्या चढली. खाली अमोसच्या चाकांच्या खुर्चीशेजारी मी ताठ उभी होते. सासऱ्यांच्या गुडघ्यांचे देणे देशाने अखेर पुरते फेडले, आणि तेही आमच्याच पायांनी.