ढगात न गेलेली वही

“मग नको,” माई म्हणाल्या आणि वहीवर तळहात ठेवला.

कंपनीचा माणूस तासभर घसा कोरडा करत होता. माहिती दुकानात ठेवायचीच नाही, क्लाऊडवर ठेवायची. आग लागो, पाणी शिरो, कपाट चोरीला जावो, माहिती सुखरूप. कुलूप असं, की खुद्द कंपनीलाही उघडता येणार नाही. माईंनी सगळं शांतपणे ऐकलं, त्याला दोनदा चहा पाजला आणि एकच प्रश्न विचारला, “म्हणजे वाचणार कोण?”

“फक्त तुम्ही आणि तुमच्या सूनबाई.”

त्यावर माई म्हणाल्या होत्या, मग नको.

सून शेजारीच बसली होती. तिचे कान तापले. माईंचं विगचं दुकान एकतीस वर्षांचं, त्यातली अकरा वर्षं तिचीही. गिऱ्हाइकांची मापं ती घ्यायची, रंग जुळवायची, आरशासमोर पहिल्यांदा बसलेल्या बाईच्या पाठीवर हात ठेवायची. जाळीत एकेक केस गुंफणं मात्र माईंचं, आणि वही माईंची. कोणाच्या डोक्याचं माप किती, केस कशाने गेले, घरात कोणाला माहीत आहे आणि कोणाला नाही, सगळं त्या वहीत होतं. माई रोज कपाटाला कुलूप घालत आणि किल्ली कमरेला खोचत.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि वहीच्या चार पानांचा लगदा झाला. चौघींना पुन्हा बोलवावं लागलं. एकीला तर रडूच कोसळलं, सगळं पहिल्यापासून सांगायचं म्हणून. तेव्हाच सुनेने या कंपनीला फोन केला होता.

माणूस गेल्यावर तिने विचारलं, “माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे त्यात? गंजक्या कपाटावर विश्वास आहे, माझ्यावर नाही?”

“तसं नाही गं,” माई म्हणाल्या. पण मग कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

सून तशीच उठली आणि तडक माहेरी गेली. एका इस्पितळातून तिला नोकरीसाठी विचारणा झाली होती. उद्या होकार कळवायचा, हे तिने रस्त्यातच ठरवून टाकलं.

आई उशांना अभ्रे घालत होती. लेकीने चपला काढता काढताच सुरुवात केली. अकरा वर्षं राबले, आणि आज परक्या माणसासमोर माझी ही किंमत. आई अभ्रे घालतच राहिली. लेक ‘नोकरी’ म्हणाली, तेव्हा मात्र तिने हातातली उशी खाली ठेवली.

“दाराला कडी घाल,” ती म्हणाली.

लेकीने कडी घातली. आई पलंगावर नीट बसली. दोन्ही हात कानांमागे नेले आणि डोक्यावरचे केस उतरवून मांडीवर ठेवले.

मांडीवरचे केस लेकीने ओळखले. म्हणजे हात ओळखला. गाठ इतकी बारीक दुसरं कोणी मारत नसे. कानाजवळच्या पांढऱ्या बटा माईंनी वर्षा-वर्षाने वाढवत आणल्या होत्या, आई जशी म्हातारी होत होती तशा. शहरातल्या कोणाच्याही डोक्यावरचा विग दुरून हेरणाऱ्या लेकीने आईचे केस कधी निरखूनच पाहिले नव्हते.

“कधीपासून?”

“नऊ वर्षं. तू पोटुशी होतीस. आधीची दोन राहिली नव्हती, डॉक्टरांनी तुला जिवाला लावून घेऊ नकोस म्हणून बजावलं होतं. त्याच महिन्यात माझं दुखणं निघालं. चार महिने मावशीकडे राहिले होते ना, ते उपचारांसाठी. दुखणं गेलं, केस काही धड परत आले नाहीत. जाणार कोणाकडे? विहीणबाईंच्याच दारात जाऊन उभी राहिले.”

“आणि त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.”

“मी शपथ घातली होती. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता सांगायची वेळ निघून गेली. परवा, कंपनीचा माणूस येणार म्हणून, मला विचारत होत्या, पान फाडून टाकू का. मग त्यांनाच पटेना. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत कोणाचं पान फाडलं नाही, विहिणीचं कसं फाडू?”

लेक रडायला लागली. आईच्या डोक्यावर हात ठेवून रडली, आधी उभ्याने, मग तिच्या शेजारी बसून. आईने तिला रडू दिलं.

मग लेकीने डोळे पुसले आणि विग हातात घेऊन सवयीने उलटा केला. “इथे जाळी सैल झालीय. उद्या दुकानात ये, मी घट्ट करून देते.”

“आणि इस्पितळ?”

“त्यांना दुसरं कोणी मिळेल.” तिने विग आईच्या हातात दिला. वहीतल्या प्रत्येक बाईच्या घरात असं कोणीतरी असणार, ज्याला ती सांगू शकलेली नाही, हे तिला आत्ता कळत होतं. “त्या माणसाला पुन्हा बोलावते. वही भिजून चालायचं नाही. पण एकेकीला विचारायचं, तिने हो म्हटलं तरच तिचं पान चढवायचं. सुरुवात तुझ्यापासून. तुझं नाव त्या ढगात गेलेलं चालेल तुला?”

आईने केस डोक्यावर चढवले, आरशाशिवायच सरळ केले आणि पुन्हा अभ्रा हातात घेतला.

“ढगाला कधीही कळलं असतं तरी चाललं असतं गं मला,” ती म्हणाली. “त्याला कुठे बाळ व्हायचं होतं?”